कापितान दोरो आणि होडीवाला

परवा सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि तो वास आत आला. ओली लाकडं नीट न पेटता नुसती धुमसत राहिली की येतो, तसा. समोरचा ब्लॉक जागेवर होता, पण त्याच्या पलीकडे रोज दिसणारं बेडोक रिझर्वॉयरचं पाणी नव्हतं. समुद्रापलीकडच्या बेटांवर रानं जळायला लागली, वारा फिरला आणि आमच्याकडे सिंगापुरात हेझ आलं. हे धुरकं इथे दर वर्षी येतंच असं नाही. चार-सहा वर्षं ते आपल्याला विसरू देतं, आणि विसरलो असं वाटायला लागलं की येतं.

मी खिडकी लावली. मग हॉलमधली लावली. मग पहिली नीट लागली होती का ते पाहायला परत गेले. फोनवर हवेचा आकडा पाहिला आणि पाच मिनिटांनी परत पाहिला. तो तासातासानेच बदलतो हे मला ठाऊक आहे, तरी पाहिला. इरा, माझी मुलगी, पंधरा वर्षांची आहे. परीक्षा तोंडावर आल्या आहेत म्हणून ती डायनिंग टेबलवर पुस्तकं पसरून बसली होती. "आई, तू जरा बस ना," ती म्हणाली. "यू आर मेकिंग मी डिझी, लाह." इथल्या पोरांच्या बोलण्यात हा 'लाह' शेपटासारखा येतोच.

मी बसले आणि लगेच उठले. धुरक्याच्या दिवसांत मला एका जागी बसवत नाही, आणि त्याचं कारण हवा नाही. सहा वर्षांपूर्वी अशाच एका सप्टेंबरात मी एका मेलेल्या माणसावर आळ घेतला होता. मराठीत घेतला होता, आणि त्याबद्दल टाळ्या मिळवल्या होत्या.

हे सांगायचं तर आधी मारीसेलबद्दल सांगायला हवं. इरा तीन महिन्यांची होती तेव्हा ती फिलिपीन्समधल्या एका लहानशा बेटावरून आमच्या घरी कामाला आली आणि तेरा वर्षं राहिली. दोन वर्षांपूर्वी ती कायमची परत गेली. माझ्याशी ती इंग्लिशमध्ये बोलायची, मला 'मॅम' म्हणायची. इराशी मात्र तिची तिसरीच भाषा होती, तिच्या बेटाची थोडी, इंग्लिश थोडी आणि आमच्या स्वयंपाकघरातली मराठी पुष्कळ. 'फोडणी कर', 'झाकण ठेव', 'हात धू आधी' हे ती आमच्यासारखंच म्हणायची. तिला मराठी समजतं हे आम्हाला माहीत होतं. पण एखादी गोष्ट माहीत असणं आणि ती लक्षात ठेवणं यात फरक आहे, आणि सोयीचं असेल तेव्हा आम्ही ते लक्षात ठेवत नव्हतो.

शुक्रवारी ती मांस खात नसे. मूग शिजवायची, लसूण भरपूर, वरून पालेभाजी, आणि ती पातळ आमटी भातावर घेऊन जेवायची. आमच्याकडेही मग शुक्रवार म्हणजे मूग हे कधी ठरून गेलं ते कळलं नाही. पुण्याहून सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना वाटलं, मी कुठलं तरी व्रत धरलंय. ऑफिसातून लवकर सुटले तर शुक्रवारी संध्याकाळी मी ओट्याला टेकून उभी राहायची, ती मूग घोटायची आणि काहीबाही सांगायची. कापितान दोरो मला असा मुगाच्या वासात भेटला.

तुम्हाला तो कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. तो त्या एका बेटाचा माणूस, आणि ते बेट नकाशावर शोधायला चष्मा लागतो. स्पॅनिश राज्यात त्याच्या गावातल्या सगळ्या घरांना एकाच अक्षराची आडनावं मिळाली होती. यादी आली, त्यातलं एक पान या गावाच्या वाट्याला आलं, आणि लोकांनी आपापलं आडनाव उचललं. त्याचे वडील होड्या बांधायचे. पण वर्षातले चाळीस दिवस वेठीला जावं लागे, आणि त्या वर्षी वेठ होती चर्चच्या मनोऱ्याची. समुद्रातला पोवळ्याचा दगड कापून डोक्यावरून वर न्यायचा. एके दिवशी वडील वर गेले ते पायऱ्यांनी खाली आले नाहीत. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता.

पाद्र्याने त्या पोराला ठेवून घेतलं. त्याचं अक्षर चांगलं होतं. त्याला दोन कामं दिली, घंटा वाजवायची आणि बारशांची वही लिहायची. पुढची अठरा वर्षं गावात जन्मलेल्या प्रत्येक मुलाचं नाव दोरोने लिहिलं. कोण जन्मलं ते वहीत होतं. वेठीवर कोण मेलं ते कुठेच लिहिलं जात नव्हतं, ते त्याने पाठ केलं. हे सांगताना मारीसेलने पळी थांबवली होती. "मॅम, तो नावं पाठ म्हणायचा. दोरी ओढताना. एका ठोक्याला एक नाव."

मग एका दुपारी, कोणीही मेलेलं नसताना, त्याने मयताची घंटा वाजवली. लोक शेतांतून आणि होड्यांतून धावत आले. कोण गेलं, कोण गेलं? दोरो वरून म्हणाला, अजून कोणी नाही, आज ते जाणार आहेत. लोकांकडे नारळ फोडायचे कोयते होते, तेवढ्यावर त्यांनी तो मनोरा घेतला. झेंडा कोणाकडे नव्हता म्हणून वडिलांच्या शेवटच्या होडीचं शीड वर बांधलं. गावचा कापितान म्हणून त्याने पहिला हुकूम काढला तो वेठ बंद केल्याचा. एक पावसाळाभर त्या बेटावर कोणी कोणासाठी फुकट दगड उचलला नाही. मग तोफा लावलेलं जहाज आलं. दोरो माणसं घेऊन डोंगरात गेला, फणसाच्या रानात. तीन महिने तो सापडला नाही. मग एका पावसाळी पहाटे सापडला. चर्चसमोरच्या चौकात त्याला उभं केलं, तेव्हा त्याने टोपी काढून डोकं पावसात भिजू दिलं. वय एकोणतीस.

ती इंग्लिशमध्ये सांगत होती आणि माझ्या डोक्यात ते आपोआप मराठी होत होतं. वेठबिगार, गनिमी कावा, गढी. आम्ही लहानपणापासून ज्या गोष्टींवर वाढलो, त्यांत हा माणूस अगदी चपखल बसत होता. फक्त एक जागा रिकामी होती.

"पण त्यांना तो सापडला कसा?" मी विचारलं. "तीन महिने नाही सापडला, मग एकदम? सांगितलं कोणी?"

मारीसेलने नळ सोडला. हात धुतले, परत धुतले. "नदी आहे ना, मॅम. होडीतून आले."

"हो, पण रस्ता कोणी दाखवला?"

"होडी होती," ती म्हणाली. "इरा, ये जेवायला."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. नऊ वर्षांत तिने माझा एकही प्रश्न असा बाजूला सारला नव्हता. पण मी त्या रिकाम्या होडीत एक माणूस बसवण्यात गुंतले होते.

आमचा शनिवारचा मराठी वर्ग बेडोकमध्ये गोखलेकाकांच्या काँडोच्या फंक्शन रूममध्ये भरतो. काका बँकेतून निवृत्त, इथे येऊन तीस वर्षं झालेले, पासपोर्ट इथला आणि जीव नाटकात. दिवाळीच्या आधी मुलांचा कार्यक्रम असतो. त्या वर्षी काका म्हणाले, "मेधा, दर वर्षी तेच किल्ले, त्याच तलवारी. पोरं इथे वाढतायत. इथल्या आसपासचा एखादा वीर काढ की शोधून."

"आहे माझ्याकडे," मी म्हणाले आणि आठ दिवसांत नाटक लिहून दिलं.

लिहिताना मजा आली, खोटं कशाला सांगू. घंटेचा प्रवेश लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. आणि तिसऱ्या प्रवेशात मी होडीवाला आणला. शिपाई विचारतात, कापितान कुठे आहे? होडीवाला इकडेतिकडे पाहतो, हात पसरतो, हातावर थैली पडते, आणि मग तो बोट लांब करून म्हणतो, "तो पाहा, त्या डोंगरात, फणसाच्या झाडाखाली." मला कोणी सांगितलं नव्हतं. मला सांगायची गरजच नव्हती. घरचा भेदी लंका दहन, हे आम्ही गुणाकाराच्या पाढ्यांबरोबर शिकतो. आपला वीर शत्रूपुढे कमी पडला, त्यांच्याकडे तोफा होत्या आणि याच्याकडे कोयते, इतकं साधं कारण आम्हाला पचत नाही. कोणीतरी आतलंच असलं पाहिजे. तो सापडला की आम्हाला बरं वाटतं. हरलो ते हरलो, पण कोणामुळे ते कळलं.

होडीवाल्याची भूमिका इराला मिळाली. खरं तर ती सगळ्यांना हवी होती. कापितान दोरो व्हायला कोणी तयार नव्हतं, कारण त्याला शेवटी मोठं भाषण होतं. ते आठ वर्षांच्या अन्वीच्या गळ्यात पडलं, कारण तिचं पाठांतर चांगलं.

त्याच आठवड्यात धुरकं आलं. आकाश दुपारी पिवळं, सूर्य तांब्याच्या पैशासारखा, आणि तोंडावर मास्क लावून शाळेला जाणारी पोरं. मैदानावरचे तास बंद झाले. घरोघरी खिडक्या लागल्या आणि माणसं आत कोंडली गेली. इराची वार्षिक परीक्षा जवळ आलेली, नवऱ्याचा खोकला थांबेना, मी घरून काम करत होते आणि मशीन हवा गाळत दिवसभर घरघरत होतं. घरात सगळेच एकमेकांच्या पायात येत होते. शांत फक्त मारीसेल होती. ती नाटकाचे कपडे शिवत होती. शिडाच्या कापडाचे सदरे, लाल फडकी. "कापितानच्या लोकांचे सदरे असेच होते," ती म्हणायची. सव्वाशे वर्षांमागचा शिंपी तिला ओळखीचा असावा अशा खात्रीने ती कापायची. आपल्या बेटाची गोष्ट इथल्या रंगमंचावर जाणार म्हणून ती किती खूश होती, ते मला दिसत होतं. रविवार तिच्या सुट्टीचा. त्या दिवशी ती चर्चला जाई आणि मग मैत्रिणींबरोबर दिवस घालवी. नाटकाआधीचे दोन रविवारही तिने शिलाई मशीनवर घालवले. होडीवाल्याचं तिला मी सांगितलं नव्हतं. लपवलं नव्हतं, फक्त सांगितलं नव्हतं.

रंगीत तालीम शनिवारी दुपारी झाली. पालक आले होते. मारीसेल कपडे टाचायला आली होती, तोंडात टाचण्या धरून भिंतीशी उभी. तिसरा प्रवेश आला. इराने हात पसरला, थैली घेतली आणि बोट लांब केलं. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "फितूर!" मग मुलांनी उचललं. फितूर, फितूर, फितूर. पाय आपटून, टाळ्या वाजवून. पालकही हसत सामील झाले. इरा खूश होऊन आणखी वाकडी चालायला लागली. गोखलेकाका माझ्या कानात म्हणाले, "प्रवेश पकडला हं तू."

मी मारीसेलकडे पाहिलं. तिने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, हातातल्या छोट्या उशीत खोचल्या, आणि ती बाहेर गेली.

घरी पोचलो तेव्हा ती इस्त्री करत होती. इरा टेबलाशी वर्कशीट घेऊन बसली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आधी तीच बोलली. इस्त्री न थांबवता, इंग्लिशमध्ये.

"मॅम, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काय?"

"होडीवाल्याचं."

"कोणी नाही ग. मीच रचलं."

"इंटरनेटवर आहे?"

"नाही. खरंच मीच रचलं."

तिने इस्त्री उभी ठेवली. तिला ते पटलं नाही, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. जी गोष्ट आपल्या जन्माला चिकटून आहे ती समोरच्याला नुसती सुचली, यावर कोण विश्वास ठेवील?

"तो माझ्या वडिलांचा आजा होता," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. गावात दर वर्षी जत्रेच्या दिवशी चौकात दोरोची गोष्ट करून दाखवतात. घंटा वाजते, मनोरा घेतात, आणि शेवटी होडीवाला येतो. त्या कामाला गावातलं कोणी उभं राहत नाही म्हणून गवताचा माणूस करतात, त्याला होडीत बांधतात आणि पोरं दगड मारतात. त्या दिवशी तिचे वडील दार लावून घरात बसत. जेवत नसत. त्यांच्याकडेही होडी होती, पण पलीकडच्या तीरावर जायला लोक तासभर थांबून दुसऱ्याची होडी पकडत. शाळेत बाई ती गोष्ट सांगायच्या तेव्हा सगळा वर्ग वळून तिच्याकडे बघायचा.

"इथे सगळे पैशांसाठी येतात, मॅम. मी पण आले. पण मला अशा गावी जायचं होतं जिथे त्या होडीचं कोणाला माहीत नाही."

मी विचारलं, आणि विचारल्याची आजही लाज वाटते, "पण त्याने खरंच सांगितलं होतं का?"

"माहीत नाही." ती बराच वेळ सदऱ्याची घडी नीट करत राहिली. "कोणी म्हणतात, त्याचा मुलगा त्यांनी जहाजावर ठेवून घेतला होता. कोणी म्हणतात, त्याने मुद्दाम चुकीच्या ओढ्याने नेलं आणि नेमका कापितान तिथेच होता. माझे वडील म्हणायचे, त्याने काहीच केलं नाही. त्याच्याकडे फक्त होडी होती. पण त्यांना तरी काय माहीत?"

टेबलाशी पेन्सिल चालत नव्हती. इरा सगळं ऐकत होती.

"मी काढून टाकते तो प्रवेश," मी म्हणाले. "उद्याच बदलते. शब्द देते तुला."

मारीसेल मान हलवून परत इस्त्रीकडे वळली. रागावली असती, रडली असती, तरी मला सोपं गेलं असतं.

आता इथे मला उठून पाणी प्यावं लागतंय, कारण पुढचं लिहायला मला आवडत नाही. इरा टेबलावरून विचारते, "काय लिहितेस?" मी म्हणते, काही नाही. काल मारीसेलचा व्हिडिओ कॉल आला होता. तिने कोंबड्या दाखवल्या, भाचीचं बाळ दाखवलं, आणि बातम्यांत सिंगापूरचं धुरकं पाहिलं म्हणून खिडक्या लावल्यात का ते विचारलं. तेरा वर्षं जिने माझ्या घराच्या खिडक्या लावल्या ती समुद्रापलीकडून अजून विचारते. मी हो म्हणाले आणि फोन ठेवून पुन्हा एकदा सगळ्या खिडक्या पाहून आले.

तर, गोखलेकाका. मी त्यांना फोन केला. का ते पूर्ण सांगितलं नाही, ते मारीसेलचं होतं, माझं नव्हतं. एवढंच म्हणाले, होडीवाला काढायचाय.

"अगं, फितूर काढला तर नाटकात उरलं काय?" काका म्हणाले. "तुझ्या कापितानाला ते काय जीपीएस लावून पकडणार? पालकांना तोच प्रवेश आवडलाय. आणि धुरक्यामुळे आता पुढच्या तालमी बंद आहेत. मुलांना नवीन पाठ कधी करायला लावणार?"

सगळं खरं होतं. मला वाद घालता आला असता. ऑफिसात मी दिवसभर तेच करते, समोरच्याला दमवून हो म्हणायला लावते. पण त्या प्रवेशाला टाळ्या पडल्या होत्या, आणि त्या मला हव्या होत्या. ही गोष्ट मी आजपर्यंत कोणाला सांगितलेली नाही. मी 'फितूर' हा शब्द सगळीकडून खोडला. थैली काढली. होडीवाल्याचं नाव नुसतं 'नावाडी' केलं. बोट तसंच ठेवलं. मारीसेलने विचारलं, "मॅम, बदललं?" मी म्हणाले, "बदललं." तेवढं तर खरं होतंच ना, असं मी स्वतःला समजावलं. असं समजावणं मला चांगलं जमतं.

ती फक्त "थँक्यू, मॅम" म्हणाली आणि त्या संध्याकाळी तिने होडीला रंग दिला. वॉशिंग मशीनच्या खोक्याची होडी होती. निळा रंग, कडेला पांढरी रेघ. तिच्या वडिलांच्या होडीला तशी रेघ होती, असं इराने मला नंतर सांगितलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी जोराचा पाऊस पडला आणि हवा जरा निवळली. रविवारी चार वाजता हॉल भरला. मारीसेल तिच्या सुट्टीच्या दिवशीचा निळा फ्रॉक घालून तिसऱ्या रांगेत बसली होती. केस नीट बांधलेले, मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर. मी पडद्याच्या बाजूला उभी होते. अजूनही वेळ होता. मी इराला बाजूला घेऊन सांगू शकले असते, तो हात उचलू नकोस. पहिला प्रवेश झाला. घंटा वाजली, मनोरा घेतला, शीड वर चढलं. मारीसेल टाळ्या वाजवत होती. दुसरा प्रवेश झाला. मी तशीच उभी राहिले.

तिसऱ्या प्रवेशात इरा होडी कमरेला धरून आली. रंगमंचाच्या उजव्या टोकाला हिरव्या चादरीचा डोंगर होता आणि त्याच्या मागे अन्वी, काजळाची मिशी लावून, पकडलं जाण्याची वाट पाहत बसली होती. स्पॅनिश अंमलदाराने तलवार उगारली. तो ऋषी होता, दहा वर्षांचा, आवाज खणखणीत.

"बोल, नावाड्या! कापितान कुठे आहे?"

इराने हात उचलला नाही.

"बोल! कापितान कुठे आहे?"

"मला नाही माहीत," इरा म्हणाली.

ऋषी गोंधळला. त्याने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तलवार खाली करून हळूच म्हणाला, पण माइक चालू होता, "ए, तू पॉइंट करायचंस ना. तालमीत तर तुला माहीत होतं, लाह."

हॉल हसला. इरा हसली नाही. तिचा चेहरा लाल झाला होता. नऊ वर्षांची पोर, दीडशे माणसं समोर, आणि तिची आई लिहिलेला कागद हातात धरून पडद्याआड उभी.

"माझ्याकडे फक्त होडी आहे," ती म्हणाली, आणि त्या खोक्याच्या होडीत खाली बसली.

पुढे काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. शिपाई तिच्याभोवती उभे राहिले. एकाने नाक खाजवलं. पलीकडच्या विंगेतून गोखलेकाका दबक्या आवाजात म्हणत होते, "अरे पकडा, पकडा कोणीतरी त्याला." पण शिपायांना रस्ता कोणी दाखवला नव्हता, आणि पोरं प्रामाणिक होती. जे ठाऊक नाही तिकडे जायचं कसं? हिरव्या चादरीमागून अन्वीचं डोकं वर आलं, इकडेतिकडे पाहून परत खाली गेलं. लोक पुन्हा हसले, मग हळूहळू हसायचे थांबले. मी पडदा पाडायची खूण करणार होते.

तेवढ्यात मारीसेल उठली. पर्स खुर्चीवर ठेवून ती रांगेतून बाहेर आली, बाजूच्या तीन पायऱ्या चढली आणि सरळ रंगमंचावरून चालत गेली. होडीजवळून जाताना तिने इराच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढे गेली. डोंगराची चादर तिने एका हाताने उचलली. आत अन्वी कोयता छातीशी धरून उकिडवी बसली होती आणि तिचे ओठ हलत होते, बहुधा भाषण विसरू नये म्हणून.

मारीसेल तिच्यासमोर वाकली. इराला रोज हाक मारायची त्याच आवाजात, आमच्या स्वयंपाकघरातल्या मराठीत ती म्हणाली, "कापितान, कोणी नाही येत. तू घरी जा. जेव."

अन्वीने तिच्याकडे पाहिलं, शिपायांकडे पाहिलं. कोणी खरंच येत नव्हतं. मग कापितान दोरो उठला, एका हाताने मिशी दाबून धरली आणि पायऱ्या उतरून समोसे ठेवले होते त्या टेबलाकडे गेला.